उत्तरवयातील साद आणि घरचे ऋण

आषाढ शुद्ध एकादशीस भगवान योगनिद्रेत जातात आणि चातुर्मासास आरंभ होतो. एरवी एका गावी फार न रमणारा परिव्राजक या काळात एका स्थानी वास करतो, आणि एरवी प्रपंचात गुंतलेला गृहस्थ एखादा नेम धरून मनाने घटकाभर घराबाहेर पडतो. याच सुमारास, १६ जुलै रोजी, ख्रिस्ती जगतात कार्मेल पर्वताच्या मातेचा सण असतो. २०२४ साली तर हा सण आणि आषाढी एकादशी लागोपाठच्या दिवशी आली. कार्मेल हा हैफा नगराजवळचा समुद्रकाठचा डोंगर. तेराव्या शतकाच्या आरंभी तेथे एकांतवास करणाऱ्या तपस्व्यांना जेरुसलेमचे धर्माध्यक्ष आल्बर्ट यांनी नियम घालून दिला आणि त्यातून कार्मेलाइट संघ उदयास आला. पुढे १५६२ मध्ये स्पेनमधील आविला नगरात संत तेरेसा यांनी या संघाची कडक शिस्तीची नवी शाखा सुरू केली, तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीस होते. मौन, एकांत, मोजक्या भगिनींचा सहवास, दररोज दोन तास मूक प्रार्थना आणि मठाच्या भिंतीआड आयुष्यभर वास्तव्य, असे त्या जीवनाचे स्वरूप आहे.

हे दोन सण शेजारी पाहिले की एक जुनाच प्रश्न मनात उभा राहतो. आमच्या पवनीला लोक कौतुकाने विदर्भाची काशी म्हणतात. वैनगंगेच्या काठी देवळांची दाटी आहे, आणि जगन्नाथ टेकडीच्या उत्खननात निघालेला स्तूप सांगतो की दोन सहस्र वर्षांपूर्वीही या भूमीवर घर सोडलेल्या भिक्षूंचा वावर होता. लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या मागे निघालेले नीळभट्ट भेटतात, तेही भंडाऱ्याचेच. अशा भूमीत कीर्तन करणाऱ्यास साठी ओलांडलेले श्रोते हमखास विचारतात, "बुवा, आता घरात मन लागत नाही. कुठल्या तरी दूरच्या मठात जाऊन उरलेले दिवस देवाकडे लावावेत असे वाटते. ही देवाची हाक म्हणावी की मनाचा कंटाळा?"

प्रश्न साधा नाही. तरुणपणी घर सोडणाऱ्याच्या मागे केवळ आईवडील असतात. उत्तरवयात निघणाऱ्याच्या मागे जोडीदार असतो, मुले असतात, शेताचा वाद असतो, देणेघेणे असते, अबोला धरलेला भाऊ असतो. म्हणूनच उशिरा आलेल्या सादेची परीक्षा अधिक कठीण आहे.

शास्त्र काय म्हणते

आपल्या शास्त्रांनी या बाबतीत दोन भिन्न सूर लावले आहेत. जाबालोपनिषद म्हणते की आश्रमांचा क्रम असला तरी ज्या दिवशी खरे वैराग्य उपजेल त्याच दिवशी निघावे. मनुस्मृती मात्र सावध आहे. अंगावर सुरकुत्या दिसू लागल्या, केस पिकले आणि नातवंडाचे मुख पाहिले की मग वनाची वाट धरावी, असा तिचा क्रम. देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे फेडल्यावाचून मोक्षाकडे मन लावणारा खाली येतो, असेही ती बजावते.

सर्वांत व्यवहारी सूर कौटिल्याचा. बायकामुलांच्या निर्वाहाची तजवीज न करता प्रव्रज्या घेणाऱ्यास अर्थशास्त्रात पूर्वसाहसदंड सांगितला आहे, आणि वय ओसरलेल्या पुरुषानेही धर्मस्थांना, म्हणजे न्यायाधिकाऱ्यांना, विचारूनच संन्यास घ्यावा असे म्हटले आहे. धर्माच्या कामात राजाने दंड उगारावा हे आज विचित्र वाटेल. तथापि त्यामागील दृष्टी नीट पाहावी. भगवी वस्त्रे कर्तव्यातून पळण्याचे साधन होऊ शकतात, हे त्या मुत्सद्द्याने ओळखले होते.

नवल असे की रोमन कॅथलिक पंथाचा कायदाही हेच बोलतो. १९८३ च्या धर्मसंहितेच्या कलम ६४३ अन्वये, विवाहबंधन कायम असलेल्या व्यक्तीचा नवदीक्षितांत झालेला प्रवेश ग्राह्यच ठरत नाही. पुढचे कलम सांगते की फेडता न येणारे कर्ज डोक्यावर असलेल्यास प्रवेश देऊ नये. तेथे कर्ज शब्दशः पैशाचे आहे आणि आपल्याकडील ऋण त्याहून व्यापक आहे. परंतु मठाच्या दाराशी प्रथम देण्याचा हिशेब विचारला जावा, यावर दोन्ही परंपरांचे एकमत आहे.

लपविलेले घर

महाराष्ट्रास या विषयाचा सर्वांत वेदनामय पाठ आळंदीने दिला. परंपरेची कथा सर्वश्रुत आहे. विठ्ठलपंत पत्नी रुक्मिणीबाईंना मागे ठेवून काशीस गेले आणि मागे घरदार नाही असे भासवून त्यांनी संन्यास घेतला. पुढे गुरू यात्रेच्या निमित्ताने आळंदीस आले असता नमस्कार करणाऱ्या त्या साध्वीस त्यांनी पुत्रप्राप्तीचा आशीर्वाद दिला, आणि तिच्या उत्तरातून सारा उलगडा झाला. गुरू माघारी फिरले आणि त्यांनी शिष्यास गृहस्थाश्रमात परत धाडले.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानी घ्यावी. विठ्ठलपंतांचे वैराग्य खोटे होते असे कथा कोठेही म्हणत नाही. खोटे होते ते गुरूंपुढील निवेदन. त्याचे मोल पुढे संन्याशाची मुले म्हणून हिणवल्या गेलेल्या निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई या चार लेकरांनी चुकविले. त्या लेकरांनी विश्वाचे कल्याण केले हा त्यांचा मोठेपणा; त्यामुळे लपवालपवीचे समर्थन होत नाही.

थांबविणारा मार्गदर्शक

कार्मेलची साद आपल्या किनाऱ्यालाही अपरिचित नाही. सतराव्या शतकात पोर्तुगीजांच्या चाकरीत असलेला फ्रेंच नाविक व नकाशाकार प्येर बेर्तेलो याने १६३४ मध्ये, ऐन कर्तबगारीच्या काळात, गोव्यातील कार्मेलाइट मठाची दीक्षा घेतली. चारच वर्षांनी सुमात्रा बेटावरील आचे येथे आपल्या रेदेम्प्तुस नामक गुरुबंधूसह तो मारला गेला.

परंतु उशिराच्या सादेची कसोटी जिच्या चरित्रात स्वच्छ दिसते ती स्त्री जर्मनीतली. एडिथ स्टाइन १८९१ मध्ये ब्रेस्लाउ येथील ज्यू कुटुंबात जन्मली. ती दोन वर्षांची असताना वडील वारले. आईने लाकडाची वखार चालवून मुलांना वाढविले. एडिथ तत्त्वज्ञानाची पंडिता झाली. १९२१ मध्ये तिच्या वाचनात संत तेरेसांचे आत्मचरित्र आले, आणि १९२२ च्या पहिल्या दिवशी तिने बाप्तिस्मा घेतला. कार्मेलमध्ये जाण्याची ओढ तेव्हापासूनच होती. तिचे मार्गदर्शक मात्र थांब म्हणाले. लेकीच्या धर्मांतराने दुखावलेल्या आईला हा दुसरा घाव लगेच नको, आणि तुझ्या विद्येचा जगास अद्याप उपयोग आहे, असे त्यांचे म्हणणे.

ती थांबली. एकदोन नव्हे, सुमारे बारा वर्षे. या अवधीत तिने अध्यापन केले, व्याख्याने दिली, भाषांतरे केली. १९३३ मध्ये नाझी राजवटीने ज्यूंना अध्यापनाची दारे बंद केली, तेव्हा तिने पुन्हा विचारले आणि या वेळी संमती मिळाली. ती घरी गेली, आईला स्वमुखाने सारे सांगितले, आपला बेचाळिसावा वाढदिवस तिच्याजवळ घालविला आणि दोनच दिवसांनी कोलोन येथील मठात प्रवेश केला. आई रडली, तिचे समाधान झाले नाही. मठातून लेक दर आठवड्यास पत्र लिहीत राहिली. १९३६ मध्ये आई गेली. स्वतः एडिथ १९४२ मध्ये आउश्वित्झच्या छळछावणीत मारली गेली, आणि १९९८ मध्ये तिला संतपद देण्यात आले.

आपण घरच्यांची संमती असा शब्द सहज वापरतो. एडिथला आईची संमती मिळाली नव्हती. मग तिच्यात आणि विठ्ठलपंतांत भेद कोणता? तिने ऋण लपविले नाही. ते फिटले नाही, तरी तिने मानले, त्यासाठी वाट पाहिली, आणि निघताना आईच्या अश्रूंसमोर बसण्याचे धैर्य दाखविले. साद खरी असेल तर ती बारा वर्षे थांबूनही विझत नाही.

टिळकांचे दोन त्याग

आता आपल्या मराठी मुलखातील उदाहरण पाहू. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे संस्कृताचे व्युत्पन्न पंडित आणि मराठीचे थोर कवी. त्यांच्या आयुष्याला जे वळण लागले त्याचा आरंभ आमच्या भंडाऱ्याच्या वाटेवरच झाला म्हणावयास हरकत नाही. १८९३ च्या सुमारास नागपुराहून राजनांदगावास जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्याशी काव्याच्या गोष्टी केल्या आणि निरोप घेताना बायबलचा नवा करार हाती ठेवला. हा लोहमार्ग भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया या स्थानकांवरूनच राजनांदगावास जातो.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची तळमळ खरी होती याविषयी शंका नाही. परंतु पत्नी लक्ष्मीबाईंच्या मनाची तयारी झाली नव्हती. त्या लहान मुलासह नातलगांच्या आश्रयाने राहिल्या आणि पतिपत्नींचा हा वियोग कित्येक वर्षे चालला. पुढे लक्ष्मीबाई परतल्या आणि त्यांनीही दीक्षा घेतली, ती आपल्या बुद्धीला पटल्यावर, आपल्या पावलाने. हा सारा काळ त्यांनी 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात सांगितला आहे. कोणावरही दात न धरता, हसत हसवत सांगितला आहे; आणि म्हणूनच वाचणाऱ्याच्या काळजाला तो अधिक लागतो. एकास आलेली साद दुसऱ्यास किती महाग पडते याचे असे प्रांजळ चित्र मराठीत दुसरे क्वचितच असेल.

टिळकांना दुसरी साद आली ती उत्तरवयात. सप्टेंबर १९१७ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, वेतनावर पाणी सोडले आणि संन्यास स्वीकारला. साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सारे भक्त एका बंधुत्वात यावेत, हा त्याचा हेतू. कीर्तनाचा आपला देशी साचा तर त्यांनी आधीच ख्रिस्तकथेला दिला होता, आणि अभंगाचा छंदही.

या दुसऱ्या त्यागाचा आकार पाहण्याजोगा आहे. यात पत्नीचा त्याग नव्हता, मुलांचा नव्हता. सुटली ती वेतनाची निश्चिंती आणि संस्थेच्या छत्राची ऊब. तरुण वयातील त्यागाने घर दुभंगले, उत्तरवयातील त्यागाने घर दुभंगले नाही. वेतन सोडण्याची झळ घरास पोचतेच. पण ती एकाने दुसऱ्यावर लादलेल्या वियोगाची झळ नव्हे.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत निवर्तले. दरबारास त्यांची दोन वर्षेही लाभली नाहीत. मग ती साद व्यर्थ गेली का? 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य ते अपुरे टाकून गेले होते. लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि अनेक अध्याय स्वतः रचून पूर्णत्वास नेले. एकेकाळी मागे राहिलेल्या पत्नीने पतीचे अपुरे काम पुढे न्यावे, याहून मोठी साक्ष कोणत्या दरबाराने द्यावी?

चातुर्मासाची कसोटी

तेव्हा ज्या वडीलधाऱ्यांना आज दूरची साद ऐकू येते, त्यांनी घाई करू नये आणि तिला वेडही समजू नये. कार्मेलसारखा मठ कोणास दाराशी आल्याबरोबर आपलासा करीत नाही. रोमच्या २०१८ च्या नियमांनुसार अशा मठात पहिल्या पावलापासून आजीवन व्रतापर्यंत किमान नऊ वर्षांचा काळ जातो: निदान एक वर्ष परिचयाचे, एक उमेदवारीचे, दोन नवदीक्षेची आणि पाच तात्पुरत्या व्रतांची. साठीच्या साधकास हा हिशेब मोठा वाटेल. पण नऊ वर्षे कसून पाहणाऱ्या मठाचा साधकाच्या उत्कटतेपेक्षा त्याच्या टिकण्यावर अधिक विश्वास असतो, हे यातून शिकावे.

आपल्याकडे त्यासाठी चातुर्मास आहे. चार महिने पहाटे ठरल्या वेळी उठावे, ठराविक काळ मौन पाळावे, मिळेल ते अन्न नावे न ठेवता ग्रहण करावे. अबोला धरलेल्या भावाच्या दारी आपण होऊन जावे. देणे असेल ते लिहून काढावे व फेडण्यास आरंभ करावा. मनात काय चालले आहे ते सहधर्मचारिणीस किंवा पतीस स्पष्ट सांगावे आणि त्यांचे उत्तर मध्येच न तोडता ऐकून घ्यावे. नंतर एखाद्या अशा अनुभवी व्यक्तीस विचारावे, जी आपल्याला नाही म्हणू शकेल.

कार्तिकी एकादशीस देव जागे होतात, तोवर कंटाळा असेल तर विरून जाईल, कारण कंटाळ्यास नेम सोसत नाही. घरच्या कलहाचा वीट असेल तर कलह मिटताच तोही जाईल, आणि घर पुन्हा गोड लागेल. तो पराभव नव्हे, तोही प्रसादच. आणि सारे मिटल्यावर, देणी चुकती झाल्यावर, घरात सुख असतानाही ती हाक मागे उरलीच, तर घरच्यांनीही तिची वाट अडवू नये. याज्ञवल्क्य निघाले तेव्हा त्यांनी मैत्रेयी आणि कात्यायनी यांच्यात वाटणी करून देण्याचे बोलणे काढले होते, आणि त्याच बोलण्यातून मैत्रेयीचा अमृतत्वाचा प्रश्न जन्मास आला. जाणाऱ्याने घरच्यांशी मोकळेपणाने बोलावे, म्हणजे मागे राहणाऱ्यासही ज्ञानाचा वाटा मिळतो.