मुंज आणि शाळेचे दार

मुंज आज घरगुती समारंभ झाली असली, तरी मुळात तो शाळाप्रवेशच होता. ‘उपनयन’ म्हणजे जवळ नेणे, मुलाला गुरूच्या हवाली करणे. कमरेला मुंज गवताची मेखला बांधायची, म्हणून मौंजीबंधन. गृह्यसूत्रांनी वयेही ठरवून दिली होती : ब्राह्मणाचा मुलगा 8व्या वर्षी, क्षत्रियाचा 11व्या, वैश्याचा 12व्या. उशीर चाले, पण अनुक्रमे 16, 22 आणि 24 वर्षांपर्यंतच.

घर सुटणार, हे विधीत जागोजागी दिसते. मातृभोजनात बटू आईबरोबर एका ताटात जेवतो. नंतर भिक्षावळीत झोळी पुढे करून पहिली भिक्षा तिच्याकडेच मागतो. सकाळी घास भरवणारी आई आता झोळीत वाढते. हा निव्वळ देखावा नव्हता. 19व्या शतकातही पुण्यात कितीतरी गरीब ब्राह्मण मुले माधुकरी मागून, वार लावून शिकली. अध्ययन संपले की सोडमुंज, म्हणजे घरी परतण्याचा संस्कार.

पण हे दार मोजक्यांसाठीच उघडे. शूद्रांना उपनयन नाही, म्हणून वेदाध्ययन नाही; अतिशूद्रांचा तर विचारच नव्हता. धर्मसूत्रकार हारीताने वेद शिकणाऱ्या ब्रह्मवादिनींच्या उपनयनाचा उल्लेख केला आहे. मनुस्मृतीने मात्र स्त्रीला विवाह हाच उपनयनाच्या जागी दिला आणि नवऱ्याची सेवा हाच तिचा गुरुगृहवास मानला. शिकण्याची जागा अशी सासरी हलवली गेली! पंतोजींच्या शाळेत मोडी आणि हिशेब शिकायला मुंज लागत नसे. तरी अस्पृश्य मानलेल्या मुलांना तिथेही मज्जाव होता.

1848 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, पुढे अस्पृश्यांच्या मुलांसाठीही. वेदोक्त प्रकरणात पुरोहितांनी ज्यांचा वेदमंत्रांचा अधिकार नाकारला, त्या शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंडही ठेवला.

आता मुंजीची तारीख शाळाच ठरवते. पंचांगात मुहूर्त पाहतात, पण परीक्षा संपल्यानंतरचा, मे महिन्याच्या सुट्टीतला. पूर्वी वर्षानुवर्षांच्या अध्ययनानंतर होणारी सोडमुंज अनेक घरी त्याच दिवशी उरकतात. मुंज लवकरची बघतात तीही एका कारणाने : जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत मुंडन झालेल्या बटूच्या डोक्यावर थोडे तरी केस यायला हवेत.