पालवणकर बाळू

पालवणकर बाळू (जन्म : इ.स. १८७५-७६ च्या सुमारास, धारवाड, मृत्यू : ४ जुलै १९५५, मुंबई) हे डावखुरे मंदगती फिरकी गोलंदाज होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातून येऊन देशभर कीर्ती मिळवणारे ते पहिले भारतीय क्रिकेटपटू होत. मैदानावरील पगारी नोकर म्हणून सुरू झालेला त्यांचा प्रवास पुढे इंग्लंडच्या दौऱ्यापर्यंत आणि विधिमंडळाच्या निवडणुकीपर्यंत गेला.

प्रारंभिक जीवन

बाळू यांचा जन्म चांभार समाजातील कुटुंबात झाला. पालवणकर हे आडनाव कोकणातील मूळ गावावरून आले. वडील लष्करात नोकरीला असल्याने मुलांचे बालपण पुण्यात गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या चेंडू-फळीवर बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम खेळायला शिकले. गणपत आणि विठ्ठल हे दोघे बंधूही पुढे नामवंत खेळाडू झाले.

मैदानावरील नोकरी

बाळू यांची पहिली नोकरी पुण्यातील एका पारशी क्रिकेट क्लबात होती. खेळपट्टी झाडणे व तिच्यावर रूळ फिरवणे या कामाचे त्यांना महिना ३ रुपये मिळत. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपये पगारावर रुजू झाले. तेथे जाळ्या लावणे, रेषा आखणे ही कामे करता करता ते सभासदांना सरावासाठी गोलंदाजी करू लागले. कॅप्टन ग्रेग हे त्यांतील सर्वांत कसलेले फलंदाज. आपल्याला बाद केल्यास ते दर वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. फलंदाजीची संधी मात्र बाळूंना तेथे मिळाली नाही. तो मान साहेबांचा होता.

त्याच काळात ब्रिटनमध्ये खेळ हा श्रमिकांच्या उपजीविकेचे साधन होऊ लागला होता. ग्लासगोचा पाथरवट फर्गस सूटर १८७८ मध्ये इंग्लंडमधील डार्वेन संघात दाखल झाला. तो आद्य व्यावसायिक फुटबॉलपटूंपैकी एक समजला जातो. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १८८५ मध्ये मोबदला घेऊन खेळण्यास मान्यता दिली. बाळूंपुढे मात्र पैशाच्या जोडीला जातीचाही प्रश्न उभा होता.

हिंदू संघात प्रवेश

युरोपियनांना हरवायचे तर बाळूंवाचून गत्यंतर नाही, हे पुण्याच्या हिंदू संघाला उमगले. काही सवर्ण खेळाडूंचा विरोध असतानाही त्यांना संघात घेण्यात आले. मैदानावर सर्वजण एकच चेंडू हाताळत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, निराळ्या भांड्यात चहा दिला जाई.

पुढे मुंबईत ते परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले आणि रेल्वेत नोकरीला लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्राने पालवणकर बंधूंच्या संघप्रवेशाकडे सामाजिक सुधारणेचे पाऊल म्हणून पाहिले.

इंग्लंड दौरा (१९११)

पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली १९११ मध्ये अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. बहुतेक सामने संघाने गमावले, परंतु बाळूंनी दौऱ्यात एकूण ११४ बळी मिळवले. परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ बळी आहेत.

कर्णधारपदाचा प्रश्न

संघातील सर्वांत अनुभवी खेळाडू असूनही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच मिळाले नाही. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत त्यांना वगळण्यात आले आणि नेतृत्वासाठी त्यांच्या बंधूंचाही विचार झाला नाही. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली. अखेर बाळूंना परत बोलावून उपकर्णधार करण्यात आले. १९२३ मध्ये विठ्ठल यांच्याकडे कर्णधारपद सोपवण्यात आले आणि त्याच वर्षी हिंदू संघ विजेता ठरला. थोरल्या भावाला नाकारलेला मान धाकट्याला मिळाला.

सार्वजनिक जीवन

बाळू हे १९३२ च्या पुणे कराराच्या समर्थकांपैकी होते. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत भायखळा-परळ भागातून काँग्रेसने त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध उभे केले. गिरणगावातील ही लढत अटीतटीची झाली. डॉ. आंबेडकरांना १३,२४५, तर बाळूंना ११,२२५ मते पडली. अस्पृश्यतेचे चटके दोघांनाही बसले होते. मतभेद होता तो मुक्तीच्या मार्गाविषयी.

वारसा

विठ्ठल पालवणकर यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे १९४८ मधील मराठी आत्मचरित्र या कुटुंबाविषयीचे महत्त्वाचे साधन आहे. इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्या लेखनामुळे अलीकडच्या काळात बाळूंचे कर्तृत्व पुन्हा वाचकांसमोर आले. भारताने पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये खेळला. तोपर्यंत बाळूंची खेळातील उमेदीची वर्षे सरली होती. त्यामुळे कसोटीपटूंच्या यादीत त्यांचे नाव आढळत नाही.