गजर वाजतो, पण पोरं उठत नाहीत



बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब आटोपला की आपल्या गप्पा पोरांवर येतात. "उठ ना बाप्पा, बस गेली!" ही हाक अमरावतीपासून अकोल्यापर्यंत घरोघरी ऐकू येते. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण बस कोणासाठी थांबत नाही. बस चुकली की तास बुडतो. असं चार-आठदा झालं की घरात कोणीतरी म्हणतंच, "मग कायले पाठवता तिले शाळेत?" म्हणून आज आपण सकाळी उठण्याविषयी बोलू.

पहिली गोष्ट, हा नुसता आळस नाही. आपल्या शरीरात एक घड्याळ असतं. ते कसं चालतं हे शोधणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पुरस्कार मिळाला. मुलं वयात आली की हे घड्याळ तास-दोन तास मागे पडतं. त्यामुळे त्यांना रात्री उशिरा झोप येते आणि सकाळी लवकर जाग येत नाही. या वयात झोप तर आठ ते दहा तास लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने शाळा नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, पण ते चौथीपर्यंतच्या लहानग्यांसाठी. मोठ्यांची सकाळची शाळा तशीच आहे, आणि आपल्याकडे उन्हाळा तापला की सगळ्यांचीच शाळा सकाळची होते.

मग करायचं काय? सकाळची तयारी रात्रीपासून करायची.

उलटा हिशेब मांडा. पहाटे साडेपाचला उठायचं, तर साडेनऊला अंथरुणावर पडलंच पाहिजे. रोज बाराला झोपणारं पोरगं एकदम साडेनऊला झोपणार नाही. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. नववीतल्या पोराला उद्यापासून नवा नियम, असं करू नका. त्यालाच वेळ ठरवू द्या.

दुपारी चारनंतर चहा देऊ नका. चहातला उत्तेजक अंश कितीतरी तास अंगात राहतो. मोबाइल रात्री नऊला घरातल्या सगळ्यांचाच एका फळीवर ठेवा, आपलाही. आपण मालिका बघत बसलो, तर पोरांनी का ऐकावं? गजराचं घड्याळ उशाशी नको, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. बंद करायला उठावंच लागेल. दप्तर आणि गणवेश रात्रीच काढून ठेवा.

सकाळी एकदाच हाक मारा. दहा हाका मारल्या की पोरं दहावीचीच वाट पाहतात. उठल्याबरोबर अंगणात बसवा, तोंड तिथेच धुवू द्या. सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. मे महिन्यात पावणेसहाच्या सुमारास उजाडतं. जानेवारीत सूर्य उगवायला सात वाजतात, तेव्हा निदान दिवा लावा. रविवारी तासभर जास्त झोपू द्या, त्याहून जास्त नको. नाहीतर सोमवारी पुन्हा तेच.

आता थोडं कडू बोलतो. खारपाणपट्ट्यातल्या किती गावांत नळ अवेळी येतो. तेव्हा पाणी भरायला कोण उठतं? पोरगी. झाडलोट, भांडी, लहान भावाचा डबा, हेही तिच्याकडेच. भाऊ मात्र सातपर्यंत झोपतो. मग ती वर्गात पेंगली की आपण तिलाच बोलतो. पाण्याची पाळी भावालाही लावा. तिला द्यायची ती झोप दुसरीकडून येणार नाही.

पुरेशी झोप होऊनही पोरगी थकलेलीच असेल, जिने चढताना धाप लागत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन बारापेक्षा कमी असेल तर ती पांढुरकी आहे, आळशी नाही. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती जेवणानंतर घेते का, हेही विचारा. पोरगं झोपेत जोरात घोरत असेल किंवा बरेच दिवस उदास, गप्प असेल, तरीही डॉक्टरांना दाखवा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर पंधरा दिवस झोपायची आणि उठायची वेळ लिहा. पोरांनाच लिहू द्या. पुढच्या बैठकीला ते पान घेऊन या. हप्त्यांच्या हिशेबानंतर आपण झोपेचाही हिशेब करू.