लोखंडाच्या जागी प्लास्टिक

'प्लास्टिक' म्हटले की डोळ्यांसमोर येते ती फाटकी पिशवी, नाही तर महिन्याभरात कान तुटलेली बादली. टिकाऊपणासाठी आपल्या भाषेने लोखंडालाच मान दिला आहे. म्हणूनच कोळशासारखा खरखरीत माल रात्रंदिवस जिथून वाहतो, तिथे लोखंडावर प्लास्टिकचे अस्तर बसवतात, हे चटकन खरे वाटत नाही.

चंद्रपूरसारख्या औष्णिक वीज केंद्रात कोळसा रबरी पट्ट्यांवरून वाहून नेतात. एका पट्ट्यावरून दुसऱ्या पट्ट्यावर तो पडतो, तो उतरत्या पोलादी नळीतून. पावसाळ्यात कोळशाची भुकटी ओली होते आणि चिखलासारखी पोलादाला चिकटते. थरावर थर चढून नळी तुंबते. मग पहार घेऊन माणूस पाठवावा लागतो. अडलेला ढीग अचानक सुटला, तर खालचा माणूस त्याखाली गाडला जाऊ शकतो. म्हणजे कोळसा न चिकटणे ही केवळ सोयीची गोष्ट नाही.

यावर उपाय म्हणून नळीला आतून अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनचे अस्तर लावतात. नाव बोजड असले, तरी कूळ आपल्या पिशवीचेच. पॉलिमर म्हणजे लहान रेणूंची गुंफलेली साखळी. पिशवीतल्यापेक्षा या प्लास्टिकातल्या साखळ्या कितीतरी लांब, म्हणून त्या एकमेकींत गुंतून राहतात आणि घासल्या तरी सहज सुटत नाहीत. हे प्लास्टिक पाणी जवळजवळ शोषत नाही आणि मुळातच निसरडे असते, त्यामुळे ओला कोळसा घसरून जातो. गुडघा बदलताना दोन धातूंच्या भागांमध्ये जी चकती बसवतात, तीही याच जातीच्या प्लास्टिकची असते.

आता वजन पाहा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि १० मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा सुमारे ७८ किलोचा भरतो. याच मापाचा हा प्लास्टिकचा पत्रा भरतो साडेनऊ किलोच्या आसपास. पट्ट्याखाली फिरणाऱ्या रोलरचेही तसेच. त्याचे बाहेरचे कवच पॉलिमरचे असले, की तो उचलायला हलका होतो आणि आवाजही कमी करतो. शिवाय पोलादी रोलर अडकला, की वरून धावणारा पट्टा त्याला घासत राहतो. घासून पातळ झालेल्या कवचाला सुरीसारखी धार येते आणि तीच पुढे महागडा पट्टा चिरते. पॉलिमरच्या कवचाने हा धोका कमी होतो.

धान्याच्या कोठारांत आणि गिरण्यांत रहाटगाडग्यासारखी यंत्रे असतात. त्यांच्या पोहऱ्यांतून गहू वर चढतो. तिथे पोलादी पोहरा निसटून भिंतीवर आपटला, तर ठिणगी उडते, आणि हवेत तरंगणारी धान्याची धूळ स्फोटाला पुरते. प्लास्टिकच्या पोहऱ्याची तशी ठिणगी उडत नाही.

पण प्रत्येक गुणाला किंमत असते. साध्या प्लास्टिकवर स्थिर वीज साचते आणि तिचीही ठिणगी पडू शकते. म्हणून अशा ठिकाणी वीज वाहून नेणारे घटक मिसळलेले खास प्लास्टिकच वापरावे लागते. पोहऱ्याचा तुकडा धान्यात पडला, तर लोखंड पकडणारे चुंबक त्याला पकडत नाही.

उष्णतेचे गणितही वेगळे. नळीच्या अस्तराचे हे प्लास्टिक पोलादाच्या दसपटीहून अधिक प्रसरण पावते. तापमान ३० अंशांनी वाढले, तर एक मीटरचा पत्रा चार-पाच मिलिमीटर लांबतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात ही जागा आधीच सोडली नाही, तर पत्रा फुगून वर येतो आणि कोळसा तिथेच अडतो. सुमारे १३५ अंशांना हे प्लास्टिक वितळते, आणि त्याहून बरेच अधिक तापले तर पेटतेही. नळीला बाहेरून वेल्डिंग करणाऱ्याला आतले अस्तर दिसत नाही. पोलादाच्या सवयीने त्याने काम सुरू केले, तर आग आतून लागते. तेव्हा अस्तर बदलले, की ते कुठे आहे हे ठळक लिहून ठेवणे आणि वेल्डिंगआधी ते काढणे, हा नियमही बदलला पाहिजे.

जिथे मोठमोठे दगड उंचावरून आदळतात किंवा माल तापलेला असतो, तिथे आजही पोलादच लागते. लोखंड की प्लास्टिक, हा मानापमानाचा प्रश्न नाही. माल ओला आहे की गरम, घसरतो की आदळतो, आणि बिघाड झाला तर आत कोणाला उतरावे लागणार, हे आधी विचारावे. उत्तर त्यातच असते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)