एका लहरीला चौदा टाके

घरात बाळ जन्माला आले, भाचीचे लग्न ठरले, नानीला डॉक्टरांनी थंडी जपायला सांगितली, की आपल्यापुढे पहिला प्रश्न येतो : काय द्यायचे? बाजारात सर्व काही मिळते. डिनर सेटपासून पाळण्यापर्यंत वस्तू चकचकीत कागदात गुंडाळून तयार असतात. लग्नात आहेर लिहून घ्यायला वही असते आणि त्या वहीतली रक्कम पुढच्या लग्नात फेडायची असते. त्यामुळे देणाऱ्याला आनंद कमी आणि हिशेबाची काळजी जास्त, अशी गत पुष्कळ घरांत झाली आहे.

आम्ही शाळेत शिकवणाऱ्या काही जणी गेली काही वर्षे जवळच्या माणसांसाठी क्रोशाने लहरीच्या चादरी, मफलर आणि छोट्या थैल्या विणून देत आहोत. यात पैसे वाचतात म्हणून आम्ही हे करतो, असे कोणी समजू नये. चांगली लोकर स्वस्त नाही आणि वेळ तर त्याहून महाग. पण या कामातून भेट देण्याघेण्याबद्दल आम्हाला जे समजले, ते वाचक भगिनींपुढे ठेवावेसे वाटते. विणण्याची रीतही सांगतोच, म्हणजे वाचून झाल्यावर हात रिकामे राहायला नकोत.

हा हुनर कुठला?

क्रोशे हा शब्द फ्रेंच. त्याचा अर्थ लहान आकडा. आकड्याच्या एकाच सुईने धाग्यातून धागा ओढत जायचे, एवढेच याचे मूळ. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडून मोठा दुष्काळ आला, तेव्हा तिथल्या अनेक कुटुंबांनी क्रोशाची जाळी विकून पोट भरले. आपल्या देशात आंध्र प्रदेशातील नरसापूर परिसरातल्या बायकांना एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी ही कला शिकवली आणि तिथली लेस परदेशी जाऊ लागली.

आपल्या घरांत क्रोशे नवे नाही. नमाजाची जाळीदार टोपी, टीव्हीवरचा रुमाल, ताट झाकायची जाळी, बाळाचे मोजे हे सगळे आपण पाहिलेले आहे. लहरीची चादर मात्र थोडी वेगळी. तिच्यात जाळी कमी आणि भराव जास्त, म्हणून ती ऊब देते. एकेका रंगाच्या दोन-दोन ओळी घातल्या की लहरिया ओढणीसारखे पट्टे वरखाली होत जातात. इंग्रजीत विणलेल्या चादरीला ‘अफगाण’ असेही म्हणतात. अफगाणिस्तानच्या नावावरून हा शब्द एकोणिसाव्या शतकात पडला.

लहर कशी उठते?

नवशिक्या मुलींना वाटते की सुई वाकडी चालवली की लहर येते. तसे नाही. सुई सरळच चालते. जिथे एका टाक्यात दोन खांब घातले जातात तिथे कापड वर उचलले जाते. जिथे दोन खांबांचे शेंडे एकत्र बांधले जातात तिथे ते खाली दबते. वाढ आणि घट सारखी असली की ओळीतली टाक्यांची संख्या बदलत नाही आणि चादरीच्या कडा सरळ राहतात. गणिताच्या तासाला पाढा शिकवावा इतके हे नेमके आहे.

एका लहरीला १४ टाके लागतात. जितक्या लहरी हव्या, त्याला १४ ने गुणायचे आणि वर ३ मिळवायचे. ८ लहरींसाठी ११२ अधिक ३, म्हणजे ११५ साखळ्या. या शेवटच्या ३ साखळ्या पहिल्या खांबाच्या जागी धरल्या जातात.

खांब घालताना सुईवर धाग्याचा एक वेढा घ्या, सुई टाक्यात घालून धागा वर ओढा. आता सुईवर तीन वेढे झाले. धागा घेऊन आधी दोन वेढ्यांतून काढा, मग पुन्हा धागा घेऊन उरलेल्या दोन वेढ्यांतून काढा. झाला खांब. दोन खांब एकत्र बांधायचे असतील तर पहिला खांब शेवटच्या पायरीआधी तसाच सुईवर सोडा, पुढच्या टाक्यात दुसराही तसाच अर्धवट ठेवा, आणि मग सुईवरच्या तिन्ही वेढ्यांतून एकदम धागा काढा.

आता ओळ अशी :

पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत घाला. ३ साखळ्यांचा एक आणि हा एक असे दोन खांब झाले. मग पुढच्या ४ टाक्यांत एकेक खांब. त्यापुढच्या ४ टाक्यांवर दोन-दोन बांधून २ खांब. पुन्हा ४ टाक्यांत एकेक खांब. त्यानंतरच्या २ टाक्यांत प्रत्येकी २ खांब. ही लहरीची चढ-उतर झाली. तीच पुढे चालू ठेवा. ओळीच्या अखेरीस एकच टाका उरेल, त्यात २ खांब घाला. मग ३ साखळ्या घालून काम उलटवा, त्याच पहिल्या टाक्यात एक खांब घाला आणि वरचाच क्रम पुन्हा धरा. दुसऱ्या ओळीपासून शेवटचे २ खांब मागच्या ओळीच्या ३ साखळ्यांच्या टोकात येतात. तो टाका सुटला तर कड आत जाऊ लागते.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली साखळी घट्ट झाली तर चादरीची खालची कड आवळते, म्हणून साखळीपुरती एक नंबर मोठी सुई वापरावी. आणि वाढीवर वाढ, घटीवर घट आली की नाही, हे प्रत्येक ओळीत पाहावे. शिखरावर सेफ्टी पिन लावून ठेवली तर मोजणे सोपे जाते.

चादरीला हात घालण्याआधी तीन लहरींचा नमुना विणा. त्याला ४५ साखळ्या लागतात. १० ओळी झाल्या की पट्टीने मोजा. तुमचा हात सैल की घट्ट, एक लहर किती रुंद होते, हे कळले की हव्या त्या मापाच्या लहरी ठरवता येतात. नमुना वाया जात नाही. तोच लांब वाढवला की मफलर होतो.

धागा कोणता घ्यावा?

हे घेणाऱ्याच्या गावावर ठरते. विदर्भ-मराठवाड्यातल्या डिसेंबरच्या पहाटे जड लोकर चालते. कोकणातल्या दमट हवेत तीच चादर पेटीत पडून राहील, तिथे सुती धागा बरा. बाजारात मिळणारी बहुतेक ‘लोकर’ ॲक्रिलिकची असते. ती हलकी, धुवायला सोपी आणि खिशाला परवडणारी आहे. मात्र तिला गरम इस्त्री लावू नये, चुलीजवळ किंवा शेगडीजवळ नेऊ नये, कारण ती वितळते. सुती धागा पहिल्या धुण्यात आटतो, म्हणून नमुना धुऊन, वाळवून मगच माप धरावे.

लेबलवर रंगाच्या क्रमांकाबरोबर लॉटचा क्रमांक असतो. एकाच लॉटचे सगळे गुंडे एकदम घ्यावेत. लॉट बदलला तर तोच रंग चादरीत वेगळा दिसतो. बाळाच्या चादरीला मध्यम जाडीची साधारण ४०० ते ५०० ग्रॅम लोकर आणि ४ मिलिमीटरची सुई पुरते. रंग बदलताना १५ सेंटिमीटर शेपूट सोडून ते जाड सुईने टाक्यांतून उलटसुलट लपवावे. गाठ मारून कापलेले टोक चार धुण्यांत बाहेर येते. चादर धुतल्यावर दोरीवर टांगू नये, ती ताणली जाते. सपाट पसरून वाळवावी.

कोणाला काय?

गुडघे दुखणाऱ्या दादीला पलंगभर चादर नको असते. खुर्चीवर बसून नमाज पढताना किंवा तस्बीह घेऊन बसल्यावर मांडीवर घ्यायला छोटी चादर तिला जास्त उपयोगी. ती एका हाताने उचलता आली पाहिजे, इतकी हलकी असावी. फजरला मशिदीत जाणाऱ्या वडिलांना तीन लहरींचा मफलर पुरतो. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला गडद रंग द्यावा, तो रोज धुणार नाही हे आपल्याला ठाऊक असते.

बाळासाठी विणताना एक खबरदारी फार गरजेची आहे. वर्षाच्या आतले बाळ झोपलेले असताना त्याच्याजवळ सैल पांघरूण ठेवू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. तेव्हा ही चादर बाळ जागे असताना, कोणी जवळ बसलेले असताना अंगाखाली पसरायला द्यावी. टाके दाट असावेत, मोठ्या जाळीत बोटे अडकतात. मणी, लोंबते गोंडे लावू नयेत. भेट देताना बाळाच्या अम्मीला हे नीट सांगावे.

हात कोणाचे, वेळ कोणाचा?

आता हिशेबाकडे येऊ. ११२ टाक्यांची एक ओळ सवयीच्या हाताला १० ते १२ मिनिटे घेते. बाळाच्या चादरीच्या ९० ओळी धरल्या तर १५ ते १८ तास झाले. शाळा, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास उरकून रोज अर्धा तास मिळाला, तर महिना-सव्वा महिना लागतो. इतके तास ज्या बाईने दिले तिला घरात सहज विचारले जाते, “रिकामी बसली होतीस म्हणून विणलेस ना?”

हा प्रश्न साधा नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर अभ्यास करून १९८२ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. परदेशी बाजारासाठी तासन्‌तास विणणाऱ्या त्या बायकांना समाज घरबसल्या गृहिणीच समजत होता आणि त्यांचे काम फावल्या वेळातले मानून त्याचे मोल अत्यंत कमी दिले जात होते, हे त्यांनी दाखवले. बाजारात जे घडते ते घरातही घडू शकते. नवी सून चांगले विणते असे कळले की नणंद, जाऊ, शेजारीण सगळ्यांच्या फर्माइशी तिच्याकडे येतात. लोकरही तिनेच आणायची असते. “तुला येतेच की” या तीन शब्दांत तिचा महिना जातो. अशी मागून घेतलेली चादर भेट राहत नाही, ती वेठ होते.

म्हणून आम्ही आपसात काही नियम ठरवले आहेत. वर्षाला मोठी वस्तू एकच, आणि ती कोणासाठी हे विणणारीने ठरवायचे. कोणी मागितली तर लोकरीचे आणि मेहनतीचे पैसे आधी बोलायचे. त्यात लाज नाही, शिंपीही शिलाई सांगतोच. एका नातवाला विणले तर बाकीच्यांचा क्रम घरात सांगून ठेवायचा, म्हणजे कोणाचे मन दुखत नाही. आणि दिलेल्या चादरीची पुढे चौकशी करायची नाही. ती वापरून विटली, बाळाने ओढून उसवली, तर ती कामी आली असे समजायचे. पेटीत जपून ठेवण्यासाठी आपण ती विणलेली नसते.

घरच्यांचाही यात वाटा असू शकतो. विणणारीला संध्याकाळचा अर्धा तास मोकळा मिळावा म्हणून कोणीतरी चहाची भांडी घासावीत, कोणीतरी लहानग्याला बाहेर फिरवून आणावे. आमच्यातल्या एकीचा सातवीतला मुलगा आता गुंडे सोडवून देतो आणि ओळी मोजून वहीत लिहितो. त्यालाही साखळी घालता येते. मुलगा म्हणून त्याला सुईपासून दूर ठेवण्याचे काही कारण नाही. जगात अनेक ठिकाणी विणकाम पुरुषांनीच केले आहे.

पहिली वस्तू लहान घ्या

ज्यांनी सुई कधी धरली नाही त्यांनी चादरीपासून सुरुवात करू नये. एका लहरीच्या १७ साखळ्या घाला. साधारण २० सेंटिमीटर लांब पट्टी विणा, मधोमध दुमडा, दोन्ही बाजू शिवून घ्या आणि वरच्या टाक्यांतून साखळीची दोरी ओवा. तस्बीह ठेवायची थैली तयार. दोन-तीन संध्याकाळी लागतील. वाढ कुठे, घट कुठे, हे तेवढ्यात हाताला कळते.

मग ती थैली घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातात द्या. वहीत लिहून ठेवावी अशी तिची किंमत नाही, आणि परतफेड करावी असे ओझेही तिचे नाही. चादरीचा विचार त्यानंतर करावा. थंडीला अजून वेळ असेल तर आताच लोकर आणून ठेवा. इन्शाअल्लाह, पहिली गारठ्याची पहाट येईपर्यंत ती कोणाच्या तरी मांडीवर असेल.