चेहऱ्यावरचं तोंड कुठे गेलं?

आज आम्ही फोटोंविषयी बोलणार आहोत. रेडिओवर फोटो दाखवता येत नाही, तेव्हा तो तुम्हाला मनातच उभा करावा लागेल.

एका बाईचा फोटो आहे. आधारकार्डावर असतो तसा, समोरून काढलेला. केस दिसतात, गळा दिसतो, कातडीवरची बारीक छिद्रंसुद्धा दिसतात. पण डोळ्यांच्या जागी डोळे नाहीत आणि तोंडाच्या जागी तोंड नाही. तिथे नुसती सलग कातडी आहे. जखम नाही, टाके नाहीत. जणू डोळे आणि तोंड तिला कधी नव्हतेच.

असे फोटो अँथनी अझीझ आणि सॅमी कुचर या दोन कलाकारांनी १९९४-९५ साली अमेरिकेत केले. मालिकेचं नाव ‘डिस्टोपिया’, म्हणजे सगळं बिघडून गेलेलं जग. फोटोशॉप नावाचं सॉफ्टवेअर १९९० मध्ये आलं होतं, म्हणजे हे तंत्र तेव्हा नवंच होतं. यात फोटोतल्या एका जागेची कातडी उचलून दुसऱ्या जागेवर पसरता येते. गालाची कातडी ओठांवर बसवायची आणि कडा मिसळून टाकायच्या. जोड कुठे आहे ते कळत नाही.

आमच्या गटात आम्ही हे फोटो मोबाइलवर पाहिले. एक जण म्हणाली, “शी, बंद कर ते!” दुसरीने विचारलं, “हिला काही रोग झालाय का?” तिसरी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “लग्नानंतरची माझी पहिली पाच वर्षं अशीच गेली.”

मग कुणी काही बोललं नाही. पण फोटो कसा वाचायचा, हे तिने आम्हाला दाखवलं होतं.

अशा फोटोंना ‘विचित्र’ म्हणून सोडून देण्याआधी आपलं रोजचं बोलणं आठवून पाहा. आपण म्हणतो, पोटात गोळा आला, काळजाचं पाणी झालं, पायाखालची जमीन सरकली, अंगाचा तिळपापड झाला, कंबरडं मोडलं. यातलं काहीच डोळ्यांना दिसत नाही, तरी कुणी आपल्याला खोटं ठरवत नाही. मनावर आलेला भार आपण शरीराच्या भाषेत सांगतो. हे फोटोही तेच करतात. वाक्प्रचार कानाने ऐकायचा असतो, हा डोळ्यांनी पाहायचा.

हे काही संगणकाने सुरू केलेलं नाही. मेक्सिकोची चित्रकार फ्रीडा काहलो १९२५ साली, अठराव्या वर्षी, बसच्या अपघातात सापडली. पाठीचं दुखणं तिला जन्मभर पुरलं. १९४४ साली तिने स्वतःचं चित्र काढलं, ‘मोडलेला खांब’. त्यात तिचं अंग मधोमध उघडलेलं आहे आणि पाठीच्या कण्याच्या जागी ठिकठिकाणी तडकलेला दगडी खांब आहे. अंग पट्ट्यांनी आवळलेलं आहे, चेहऱ्यावर आणि अंगभर खिळे टोचलेले आहेत. डोळ्यांतून पाणी वाहतंय, पण नजर सरळ आपल्याकडे आहे. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, ते किती दुखतं हे दिसत नाही. ते फ्रीडाने दाखवलं.

मग रंगाचं चित्र आणि संगणकावर बदललेला फोटो यांत फरक काय? चित्र कुणीतरी काढलेलं आहे, हे आपण धरूनच चालतो. फोटोवर मात्र आपला विश्वास असतो. फोटो आहे म्हणजे समोर तसं काहीतरी होतं, असं मन म्हणतं. म्हणून ‘डिस्टोपिया’तला चेहरा पाहून अंगावर काटा येतो. डोळे विश्वास ठेवतात आणि डोकं नाही म्हणतं.

असा फोटो समोर आला तर आम्ही स्वतःला चार प्रश्न विचारतो.

पहिला, मला नेमकं काय दिसतंय? अर्थ लगेच काढायचा नाही. न पाहिलेल्या मैत्रिणीला फोनवर सांगावं तसं सांगायचं.

दुसरा, काय बदललंय? तोंड पुसलं असेल तर बोलण्याविषयी काहीतरी आहे. डोळे झाकले असतील तर पाहण्याविषयी.

तिसरा, काय तसंच ठेवलंय? हा प्रश्न आपण विसरतो. ‘डिस्टोपिया’तल्या फोटोंना त्या माणसांची नावं आहेत. एकीचं नाव ‘मारिया’. चेहरा पुसला, पण नाव राहिलं. तंत्रज्ञानाच्या जगात माणसाची ओळख पुसली जाते, असा या मालिकेचा अर्थ जाणकार लावतात. आमच्या मैत्रिणीला त्यात सासरचं घर दिसलं. तिचं चुकलं का? नाही. दोन्ही अर्थ त्या मिटलेल्या तोंडावरच उभे आहेत. मात्र फोटोत ज्याला आधारच नाही, असा अर्थ आपण त्यावर लादू नये. आणि फोटो विचित्र आहे म्हणून तो करणाऱ्याच्या डोक्यात बिघाड आहे, असंही समजू नये. फोटो म्हणजे डॉक्टरचा रिपोर्ट नव्हे.

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. हा फोटो कुणाचा, कुणी बदलला आणि कशासाठी?

तालुक्याच्या स्टुडिओत वारलेल्या सासऱ्यांना नातवाच्या लग्नाच्या फोटोत उभं करून देतात. तेही फोटो बदलणंच, पण त्यात माया आहे. चित्रकार विवान सुंदरम यांनी २००१-०२ मध्ये असंच काम केलं. त्यांची मावशी म्हणजे प्रसिद्ध चित्रकार अमृता शेरगिल. १९४१ साली अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्या गेल्या. आजोबा उमराव सिंग यांनी काढलेले घरातले जुने फोटो विवान यांनी संगणकावर एकमेकांत मिसळले आणि वेगवेगळ्या काळातली माणसं एका चौकटीत आणली. आठवण अशीच असते. तिला तारखांचा क्रम नसतो.

पण एखाद्या मुलीचा चेहरा तिला न विचारता दुसऱ्याच शरीरावर चिकटवणं ही कला नाही, तो गुन्हा आहे. तंत्र तेच असलं तरी संमती नाही. असं कुणाच्या बाबतीत घडलं तर आधी तिला दोष देऊ नका. लिंक आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा, पोलिसांकडे किंवा सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा.

शेवटी घरातलं एक. “पाठीत खिळे ठोकल्यासारखं होतंय,” “छातीवर कुणी बसलंय असं वाटतं,” असं एखादी सांगते. तपासण्या झालेल्या असतात, रिपोर्ट चांगले असतात, आणि घरचे म्हणतात, “काही नाही, मनाचे खेळ आहेत.” मैत्रिणींनो, छातीचं दुखणं आधी डॉक्टरला दाखवायलाच हवं. पण रिपोर्ट चांगला आला म्हणून तिचं दुखणं खोटं ठरत नाही. ती आपल्याला शब्दांनी चित्र काढून दाखवत असते. तिलाही विचारा, नेमकं कुठे? कधीपासून? कशासारखं?

आणि ती सांगत असताना मध्येच तिचं तोंड बंद करू नका.