विसरलेली तिसरी वस्तू

मालवणच्या बाजारपेठेत माझ्या आत्याकडचे किराणा मालाचे दुकान होते. धाकटा आतेभाऊ पंचविशीत स्किझोफ्रेनियाने, म्हणजे छिन्नमनस्कतेने, आजारी पडला. उपचार सुरू झाले, कानात येणारे आवाज काही महिन्यांत ओसरले, झोप परत आली. घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकून त्याला पुन्हा गल्ल्यावर बसवले आणि खरी अडचण तेथून सुरू झाली. गिऱ्हाइकाने साखर, कोकम आणि तूरडाळ मागितली, की तो साखर तोलून आणी, कोकम बांधी आणि मग गोंधळून उभा राही. ‘डाळ रवली रे!’ असे गिऱ्हाईक हसून म्हणे. आतोबा मात्र हसत नसत. ‘आता बरा झालास ना? मग हा आळस कसला?’ मीही तेव्हा मनातल्या मनात तेच म्हणत होते, हे कबूल केले पाहिजे.

तो आळस नव्हता. ऐकलेली गोष्ट काही क्षण मनात धरून तिच्याआधारे काम करण्याच्या शक्तीला मानसशास्त्रात कार्यरत स्मृती म्हणतात. ॲलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच यांनी 1974 साली तिचे स्वरूप मांडले. ही जणू मनातली लहानशी पाटी. लिहायचे, वापरायचे, पुसायचे. स्किझोफ्रेनियात बहुधा या पाटीवरची अक्षरे वेळेआधीच पुसली जातात. माझ्या भावाला शाळेतल्या सहलीचा दिवस तपशीलवार आठवे; हातची डाळ मात्र निसटे. दोन्ही आठवणीच, पण प्रकार वेगळे.

1992 साली सोही पार्क आणि फिलिप होल्झमन यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर एक खूण क्षणभर दाखवायची, मध्ये मन दुसरीकडे गुंतवायचे आणि मग खूण कोठे होती ते विचारायचे. खूण समोर असेपर्यंत रुग्णांना अडचण आली नाही. ती दिसेनाशी झाल्यावर मात्र ते चुकू लागले. कपाळामागच्या मेंदूच्या भागाशी या शक्तीचा जवळचा संबंध आहे. या आजाराला ‘अकाली बुद्धिभ्रंश’ म्हणणाऱ्या क्रेपेलिन यांनाही बुद्धीची ही बाजू दिसली होती. ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1908 साली स्किझोफ्रेनिया हे नाव दिले, आणि त्यातल्या ‘दुभंगलेल्या मना’मुळे लोक आजही एका देहात दोन माणसे शोधत बसतात. तो गैरसमज आहे.

आजची औषधे भास आणि भ्रम आटोक्यात आणतात. कार्यरत स्मृतीवर त्यांचा परिणाम फारच थोडा होतो. नोकरी टिकेल की नाही, स्वतःचे व्यवहार स्वतः सांभाळता येतील की नाही, हे पुष्कळदा आवाजांपेक्षा या स्मृतीवर आणि लक्ष देण्याच्या शक्तीवर अधिक अवलंबून असते. आणखी एक गोष्ट कुटुंबीयांना क्वचितच सांगितली जाते. हातांची थरथर कमी व्हावी म्हणून दिलेल्या काही गोळ्यांनीही विसराळूपणा वाढू शकतो. म्हणून तो डॉक्टरांना अवश्य सांगावा. औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

मराठीत या आजाराविषयी मोकळेपणाने बोलण्याची वाट काही जणांनी घालून दिली. कॅलगरी येथे प्राध्यापक असलेले जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हा आजार होता. पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 2004 च्या ‘देवराई’ चित्रपटात कोकणातल्या देवराईत जीव गुंतलेला तरुण अतुल कुलकर्णी यांनी साकारला. आम्ही तो आत्याबरोबर पाहिला. ती शेवटपर्यंत काही बोलली नाही.

त्या काळी मालवणहून रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जाऊन यायचे म्हणजे अख्खा दिवस मोडे. आता 2022 पासून 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येते. रुग्णाच्या स्मृतीची आणि लक्षाची टप्प्याटप्प्याने तालीम करून घेणारे उपचारही आहेत, पण ते मोजक्या ठिकाणी मिळतात आणि चिकाटी मागतात.

आत्याने कोणाला न विचारता एक पाटी आणली आणि तराजूशेजारी टांगली. गिऱ्हाईक बोलू लागले की भाऊ खडूने एकेक वस्तू लिहून घेई आणि ती दिली की पुसून टाकी. घरातही ती त्याला एका वेळी एकच काम सांगू लागली. पहिले झाल्याखेरीज दुसरे नाही. आतोबांना दुकानात ती पाटी दिसणे आवडत नसे. महिनाभराने बायका त्यांना ओलांडून थेट भावापाशी येऊ लागल्या. म्हणत, याच्याकडे काही राहत नाही.